मी सोडलेली चारची वेळ

बारीकबाईने मला हे लिहायची परवानगी दिली ती एका अटीवर. म्हणाली, "माझा टाका चुकला असं कुठे लिहू नकोस. रंग चुकला म्हण. टाका नाही." म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकते: टाका चुकला नव्हता, आणि रंग चुकला त्यालाही कारण मी होते. आता ती काम थांबवून भाचीकडे राहायला गेली आहे, तेव्हा तिला काम देणाऱ्या लाँड्रीवाल्यांना हे कळले तरी तिचे काही बिघडत नाही. इतके दिवस मला तोंड उघडायची बंदी होती.

तिचे खरे नाव आमच्या इमारतीत कुणीच घेत नसे. अंगाने ती काडीसारखी, आणि काम तर त्याहून बारीक. कोटाला कसर लागून पडलेले भोक, खिळ्याला अडकून फाटलेली बाही, सिगारेटची ठिणगी पडून जळलेली जागा ती असे रफू करी की नंतर कपड्याच्या मालकालाच शोधत बसावे लागे. तरुणपणी ती लोकरी कापडाच्या गिरणीत होती. मागावरून उतरलेले कापड उजेडाच्या टेबलावर पसरायचे आणि विणताना सुटलेला धागा सुईने भरून द्यायचा, हे तिचे काम. गिरणी बंद पडली तेव्हा तिने तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत, मागच्या अंगणाकडच्या खिडकीशी टेबल मांडले. चौकातल्या लाँड्रीतून कपडे येत, तयार झाले की परत जात. नवरा ट्रक चालवायचा, तो लवकर गेला. मूल नाही. त्या नवऱ्याचे एक वाक्य ती मोठ्या अभिमानाने सांगे: "हिच्याशी भांडलं की दुसऱ्या दिवशी सापडतच नाही, कुठे फाटलं होतं ते."

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि सात वर्षांपूर्वी आमचे हेही गेले. त्यानंतर कधीतरी, एक बटण हरवलेला स्वेटर घेऊन मी बारीकबाईकडे गेले, ती रोजच जायला लागले. चार वाजता मी थर्मासमध्ये चहा घेऊन जिने उतरायची. तिच्याकडे बिस्किटे असायची. मी दारात दिसले की ती सुई उशीला टोचून म्हणे, "आल्या आमच्या मदर सुपीरियर. या, आज कुणाला शिक्षा झाली?" मी कॉन्व्हेंटात शिकले, त्याचा तिला फार आनंद होता. ती आमच्याच चर्चची, पण बसायची शेवटच्या बाकावर, दाराजवळ. "आग लागली तर मी आधी बाहेर," म्हणायची.

आता उपवासकाळाचे सांगते. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागली की ईस्टरपर्यंत काहीतरी सोडायचे, ही शिस्त आम्हाला शाळेत लागली. आमच्या वर्गाच्या सिस्टर सांगत, "जे सगळ्यांत आवडतं ते सोडा. नावडतं कुणीही सोडतं." आणि दुसरा नियम असा की, काय सोडले ते कुणाला सांगायचे नाही. सांगितले की सोडलेल्याचे मोल गेले. मी नवव्या वर्षापासून डायरी लिहिते, आणि दर उपवासकाळात रोजच्या पानाच्या कोपऱ्यात एक छोटा क्रूस काढते. नेम पाळला की क्रूस. साखर सोडली, रेडिओ सोडला, एका वर्षी कादंबऱ्या सोडल्या. हे गेल्यावर पहिला उपवासकाळ आला तेव्हा मी बसून विचार केला की मला आता सगळ्यांत काय आवडते. साखर तर डॉक्टरांनीच बंद केली होती. उत्तर एकच निघाले: चार वाजता बारीकबाईच्या खोलीतला तो तास.

म्हणून मी तो सोडला.

तिला काही सांगितले नाही. राखेच्या बुधवारपासून जाणे बंद. उपवासात रविवार मोजत नाहीत, रविवारी सूट असते, पण सूट घेणे मला कमीपणाचे वाटे, म्हणून रविवारीही नाही. जिन्यात भेट झाली तर मान हलवून वर. ईस्टरच्या दिवशी चर्चमधली मिस्सा झाली की मी हसत हसत चहा घेऊन हजर. पहिल्या वर्षी तिने विचारले, "कुठे होतीस गं इतके दिवस?" मी म्हटले, "जरा कामं होती." त्या दिवशीच्या डायरीत मी लिहून ठेवले आहे: "गुपित राखले." खोटे बोलले असे लिहायला हवे होते. पुढच्या वर्षी तिने विचारले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटले, तिला सवय झाली.

खरे सांगायचे तर तेव्हा मी तिला मनातून थोडी ढिली समजत होते. उपवासकाळातही ती बिस्किटे खाई. तिचा स्वतःचा नेम मला फार उशिरा कळला. त्या दिवसांत ती रोज एक काम फुकट करी, तेही अशा माणसाचे की ज्याने सांगितलेले नसे. चर्चच्या शिपायाचे मोजे, जिना झाडणारीचा स्वेटर, दूधवाल्याची टोपी. "तुझी टोपी उसवलीय, काढ," एवढेच म्हणायची. हा उपवास असतो हे माझ्या डोक्यातच आले नाही. त्यात सोडलेले काही दिसत नव्हते.

तीन वर्षांपूर्वीच्या उपवासकाळात, मंगळवार होता, मी एक लोकरी पांघरूण धुवायला टाकायला लाँड्रीत गेले. लाँड्रीवाल्यांनी पावती फाडता फाडता विचारले, "काकू, तुम्ही त्यांच्याच इमारतीत ना? बारीकबाईंचे डोळे गेले की लक्ष गेलं?"

"का? काय झालं?"

त्यांनी आतून एक काळा कोट आणला आणि दारातल्या उन्हात धरला. खिशाच्या वर, नखाएवढ्या जागेत, गडद निळा चौकोन दिसत होता. विण अगदी बेमालूम. पण निळी.

"गिऱ्हाईक इथेच उभं राहून ओरडलं. त्याआधी एका करड्या स्कर्टचं असंच. वीस वर्षं त्या काम करतायत माझ्याकडे, म्हणून मी गप्प आहे. आता एक तपकिरी जाकीट दिलंय त्यांना. शनिवारी येईल. ते असं आलं तर मात्र मी मशीनवाल्याकडे काम देणार. माझंही दुकान आहे ना, काकू."

मी घरी आले. काही सुचेना, तेव्हा जे नेहमी करते तेच केले, डायरी काढून मागची पाने वाचू लागले. आणि माझ्याच अक्षरात सगळे सापडले. नोव्हेंबर: "बा. बाईने विचारले, हे रीळ काळे की निळे. मी म्हटले निळे. म्हणाली, तुझी परीक्षा घेते आहे." डिसेंबर: "आज पुन्हा मला सुई ओवायला दिली. हात ओले आहेत म्हणाली." जानेवारीत तर जवळजवळ रोज: "रिळांचा डबा आवरून दिला." "तिने रंग विचारला, मी सांगितला." चहा, बिस्किटे आणि तिच्या चेष्टा यांच्यामध्ये ती रोज माझे डोळे उसने घेत होती, आणि मी ते नीट तारखेसह लिहून ठेवत होते. राखेच्या बुधवारनंतर पाने मोकळी. कोपऱ्यात नुसते क्रूस.

यापुढचे लिहायला मला सर्वांत जड जाते. मला मंगळवारी दुपारी सगळे कळले. आणि मी गुरुवारी गेले.

मधले दोन दिवस मी काय करत होते? मी त्या क्रुसांकडे बघत होते. एकही खाडा नव्हता. मनात म्हणत होते, देवाला दिलेला शब्द आहे, मोडायचा कसा? मग म्हणत होते, आजचा दिवस प्रार्थना करू, उद्या बघू. बुधवारी चार वाजता मी थर्मास भरलासुद्धा, जिन्यापर्यंत गेले, आणि परत येऊन तो चहा एकटीच प्यायले. त्या पानावरही क्रूस आहे. मी तो खोडलेला नाही. तो तिथेच असू दे.

गुरुवारी दार लोटले तेव्हा ती टेबलाशी पाठमोरी बसली होती. पाऊल ओळखून, न वळताच म्हणाली, "ईस्टर लवकर आला वाटतं यंदा."

"जाकीट कुठाय?" मी विचारले.

"कसलं जाकीट?"

"लाँड्रीचं. तपकिरी."

"झालं ते. काल संपवलं." मग सावकाश वळली. "तुला कुणी सांगितलं जाकिटाचं?"

खुंटीवरचे जाकीट काढून खिडकीत धरले. कोपरावर दोन बोटांएवढी जागा, धाग्याला धागा लागलेला, ताणा-बाणा जसाच्या तसा, आणि रंग शेवाळासारखा हिरवट.

"बोल की," ती म्हणाली. "गप्प बसलीस म्हणजे कळलंच मला. लाल तर नाही ना घातला?"

"हिरवट आहे."

ती खुर्चीच्या पाठीला टेकली. मग म्हणाली, "मधोमध एक डाग आहे डोळ्यांत. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. कडेचं सगळं दिसतं. तू आत्ता मला नुसते दोन कान दिसतेयस. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, आणखी वाढू नये एवढं बघू. टाके मी बोटांनी घालते, अंधारातसुद्धा घालीन. पण बोटांना रंग कळत नाही गं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू डायरीत लिहिलं असतंस."

एरवी मी हसले असते. तिनेही हसायला म्हणून ते म्हटले नव्हते.

"आणि सांगायचं कुणाला?" ती म्हणाली. "चौकात एकाला कळलं की लाँड्रीत कळणार. रफूवालीला दिसत नाही म्हटल्यावर कोण कोट देईल? तू रोज येत होतीस, माझं भागत होतं. मग एका बुधवारी आलीच नाहीस. दर वर्षी तुझं हे असतंच. पहिल्या वर्षी वाटलं, माझं काही चुकलं. मी आठवून आठवून बघितलं, काय बोलले मी हिला. दुसऱ्या वर्षी वाटलं, हिचा स्वभावच असा, वर्षाकाठी माणूस नकोसं होतं हिला. यंदा म्हटलं, जाऊ दे, चाळीस दिवस काढू कसेतरी अंदाजानं."

तेव्हा मी सिस्टरांचा नियम मोडला. काय सोडले होते आणि का, ते सांगितले. सगळ्यांत आवडते ते सोडायचे असते, म्हणून तिला सोडले, असेही सांगितले. मला वाटले होते, हे ऐकून तिला थोडे तरी बरे वाटेल. इतकी मी मूर्ख.

"म्हणजे देवाला माझे चार वाजलेले दिलेस तू," ती म्हणाली. "मला विचारलं होतंस? तू बिस्किट सोडलंस तर ते कुणाच्या तरी तोंडात जायला पाहिजे ना? हे कुणाच्या तोंडात गेलं?"

मी रडू लागले. तिने अजिबात समजूत काढली नाही. "रडायचं ते नंतर रड," म्हणाली. "शनिवारी जाकीट द्यायचंय. कात्री दे. ती नाही, लहान. आणि मला सांग, मी हिरवं सोडून दुसरं काही कापत नाहीये ना."

दोन दुपारी आम्ही ते काम केले. आधी तिचीच विण तिने उसवली. आपले चांगले काम माणूस उसवतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. मी डब्यातली रिळे एकेक करून खिडकीत नेली, पण त्या तपकिरीच्या जवळ जाणारे एकही सापडेना. शेवटी ती म्हणाली, "जाऊ दे. आतून काढू." जाकिटाच्या आतल्या बाजूने तिने बोटे फिरवली. खिशामागे, अस्तराखाली, दुमडलेल्या कापडाची अर्ध्या बोटाची पट्टी तिला लागली. "असतेच कुठेतरी. आधीच बघायला हवी होती, पण मी पडले आळशी, रीळ घेतलं." तिथून तिने एकेक धागा ओढून काढला आणि मी तो सुईत ओवला.

"तुमच्या सिस्टरांना म्हणावं, असं असतं," सुई चालवता चालवता ती बोलत होती. "धागा काढायचाच असतो. कापडाला कमी पडतंच. पण जिथे कुणाला दिसत नाही तिथून काढायचा आणि जिथे भोक आहे तिथे घालायचा. नुसताच काढून केरात टाकलास तर त्याला रफू म्हणत नाहीत, त्याला फाडणं म्हणतात. तू चार वर्षं फाडत बसलीयस, आणि वर खूण करून ठेवतेस. पुढचा दे."

मी पुढचा धागा ओवला. सुईचे नेढे तीनदा हुकले. "तुलाही दिसेना का आता?" तिने विचारले. "मग झालंच कल्याण. दोन आंधळ्या आणि एक जाकीट." ती स्वतःच हसली. मला हसू आले आणि त्याची लाजही वाटली. कारण मला आनंद होत होता. बावीस दिवस मी जो आनंद सोडल्याचा अभिमान बाळगला, तोच मला त्या खोलीत पुन्हा मिळत होता, आणि तो तिच्या संकटातून मिळत होता.

शुक्रवारी निघताना मी ठरवले ते बोलून दाखवले. "उद्या मी लाँड्रीवाल्यांना सगळं सांगते. चूक माझी होती. मी आले असते तर निळा दोरा लागलाच नसता. तुझ्यावर ठपका नको."

"खबरदार," ती म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "काय सांगशील? की हिला दिसत नाही, मी रंग सांगते? तुझं मन हलकं होईल, आणि माझं काम जाईल. तू कबुली दे फादरांना, हवी तेवढी. लाँड्रीत नाही."

"पण ते तुला निष्काळजी समजतात."

"समजू देत. निष्काळजी माणूस सुधारतो. आंधळं माणूस कुठून सुधारणार? तुला काही सोडायचंच आहे ना? हे सोड. सांगून मोकळं व्हायचं सोड."

मी फादरांकडे कबुली दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, थोडे प्रायश्चित्त दिले, आणि तुमचा हेतू चांगला होता, असे म्हणाले. हेतू चांगला होता हे मला ठाऊकच होते. त्या हेतूपायीच तर मी चारही उपवासकाळांत तिच्याकडे वळून पाहिले नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी लाँड्रीत गेलो. लाँड्रीवाल्यांनी जाकीट घेतले, दारात नेले, कोपर उन्हात धरले, उलटे करून पाहिले, पुन्हा सुलटे केले. बारीकबाई काउंटरला हात टेकून उभी होती. तिचे बोट लाकडाच्या कडेवरून सारखे मागेपुढे फिरत होते.

"कुठल्या कोपराचं होतं?" त्यांनी शेवटी विचारले.

"डाव्या," ती म्हणाली.

"सापडत नाही मला." त्यांनी जाकीट हँगरला लावले. "बघा बाई, लक्ष दिलं की होतं. मग मधे असं का केलंत? वीस वर्षांचं नाव आहे तुमचं. टीव्ही बघत काम करत होता का?"

"हो," ती म्हणाली. "लक्ष नव्हतं माझं."

"पुन्हा असं नको."

"नाही होणार."

तिच्या खोलीत टीव्ही नाही. मी तिच्याशेजारी, हातभर अंतरावर उभी होते. एक वाक्य बोलले असते तर तिच्यावरचा तो आरोप पुसला गेला असता, आणि माझ्या छातीवरचे ओझे उतरले असते. लाँड्रीवाले माझ्याकडे बघून म्हणाले, "काकू, तुम्ही जरा लक्ष ठेवा त्यांच्यावर." मी "हो" म्हटले. ते माझ्या आयुष्यातले सर्वांत अवघड "हो". साखर, रेडिओ, कादंबऱ्या, या सगळ्यांची बेरीज केली तरी तेवढी भरणार नाही. आणि ते कुठल्याही पानावर मिरवण्यासारखेही नव्हते, कारण माझ्या चुकीची बोलणी ती खात होती आणि मी नुसती गप्प राहत होते.

"एक मरून रंगाची शाल, एक काळी पँट," असे म्हणत त्यांनी रफूचे आणखी दोन कपडे पिशवीत घालून दिले. पिशवी मी घेतली.

बाहेर पडताना ती उंबऱ्याशी थांबली. इतके महिने ती अशा जागी भिंतीला हात लावून, काहीतरी बोलल्याचे निमित्त करून पुढे जाई. या वेळी तिने सरळ माझा दंड धरला.

"पायऱ्या किती?"

"दोन," मी म्हटले. "दुसरी उंच आहे."

"काळी म्हणालास ना रे पँट?" तिने मागे वळून विचारले.

"काळीच," लाँड्रीवाले आतून म्हणाले.

मी पिशवीत डोकावून पाहिले. काळीच होती. तिला तसे सांगितले, आणि आम्ही उतरलो.